चिपी विमानतळाची माहिती कशी पडताळायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाबद्दल जे काही छापून येतं ते जमवायची आणि ताडून पाहायची मला खोड आहे. नोकरीचा यात काही संबंध नाही. त्यामुळे स्पर्धा परीक्षेची मुलं, मालवणातले घरगुती निवासवाले, गणपतीला गावी निघालेले चाकरमानी असे सगळे मला काहीबाही विचारत असतात. बहुतेकांची तक्रार एकच असते, की दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे आहेत, मग खरा कुठला? तपासून पाहिलं तर बऱ्याचदा दोन्ही खरे निघतात. फक्त ते आकडे कशाचे आणि कधीचे, हे लिहिणाऱ्याने गाळलेलं असतं.

विमानतळ नेमका कधी सुरू झाला? २०१८, २०१९ की २०२१?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये, गणेश चतुर्थीच्या तोंडावर, चिपीच्या धावपट्टीवर पहिल्यांदा एक विमान उतरलं. त्यात गणपतीची मूर्ती होती. फोटो सगळीकडे फिरले, आणि कोकणात विमान आलं म्हणजे विमानतळ सुरू झाला, असंच लोकांनी धरून टाकलं. पण ते चाचणीसाठी उतरलेलं विमान होतं. तिकीट काढून कुणालाही त्यात बसता आलं नसतं.

मार्च २०१९ मध्ये टर्मिनलच्या इमारतीचं उद्घाटन झालं. तेव्हाही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना मिळालेला नव्हता. इमारत तयार, कोनशिला बसलेली, विमान मात्र नाही, अशी अडीच वर्षं गेली.

परवाना सप्टेंबर २०२१ मध्ये मिळाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते उद्घाटन झालं, केंद्रीय मंत्री ज्योतिरादित्य शिंदे दूरदृश्य प्रणालीद्वारे सहभागी झाले आणि अलायन्स एअरचं मुंबईहून आलेलं प्रवासी विमान उतरलं. नियमित सेवा सुरू झाली ती या दिवशी.

म्हणजे तिन्ही वर्षं खरी आहेत. चूक होते ती ‘सुरू झाला’ या दोन शब्दांत.

मग वर्ष एकच लिहायचं असेल तर कुठलं?

प्रवाशाला कळायला हवं असेल तर पहिल्या नियमित प्रवासी उड्डाणाचं. उद्घाटनाची तारीख ही समारंभाची तारीख असते, आणि समारंभाचं वेळापत्रक विमानांवर ठरत नाही. शेजारचं, उत्तर गोव्यातलं मोपा घ्या. उद्घाटन ११ डिसेंबर २०२२, उड्डाणं ५ जानेवारी २०२३ पासून. इथे वर्षच बदललं. सोलापूरला उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झालं आणि गोव्याचं विमान उडालं ९ जून २०२५ ला. नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५, पहिलं उड्डाण २५ डिसेंबर २०२५.

कोल्हापूरचं उलटं आहे. उजळाईवाडीचा विमानतळ संस्थानकाळातला, छत्रपती राजाराम महाराजांच्या वेळचा, १९३९ चा. नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झालं. त्यामुळे ‘कोल्हापूर विमानतळाचं उद्घाटन २०२४’ असं वाक्य दिसलं, तर त्यात ‘नव्या टर्मिनलचं’ हे शब्द घालून घ्या. नाहीतर पंच्याऐंशी वर्षं हवेत विरून जातात.

नाव काय लिहायचं? चिपी, परुळे-चिपी की सिंधुदुर्ग?

कागदोपत्री सिंधुदुर्ग विमानतळ. बोलण्यात चिपी. जागा वेंगुर्ले तालुक्यात, परुळ्याजवळ चिपीच्या माळावर, म्हणून परुळे-चिपीही चालतं.

गोंधळ होतो तो ‘सिंधुदुर्ग’ या नावाचा. हे जिल्ह्याचं नाव आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा. किल्ला सिंधुदुर्ग मालवणच्या समुद्रात. जिल्ह्याचं मुख्यालय सिंधुदुर्गनगरी, म्हणजे ओरोस. कोकण रेल्वेवर सिंधुदुर्ग नावाचं स्टेशनही आहे. चारही जागा वेगळ्या. ‘विमानतळ सिंधुदुर्गपासून अमुक किलोमीटर’ असं वाक्य वाचलं की मी लगेच विचारतो, कुठल्या सिंधुदुर्गपासून?

नामकरणाच्या बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा?

बातमी खरी असते, पायरी कुठली ते पाहायचं. मागणी, राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय, विधिमंडळाचा ठराव, केंद्राकडे प्रस्ताव आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, असा तो जिना आहे. चिपीला बॅ. नाथ पै यांचं नाव द्यावं हा आग्रह जुना आहे, आणि तो रास्तही आहे. वेंगुर्ल्याचा माणूस, आणि खासदारही इथलाच. पण आग्रहाला नामकरण म्हणून छापू नये. पुण्याच्या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला, आणि दुसऱ्याच दिवसापासून काही ठिकाणी ते नाव झालंच असं छापून यायला लागलं. मोपाच्या ‘मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ’ या नावाला मात्र केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिलेली आहे. तिथे जिना पूर्ण चढून झाला.

तीन अक्षरी आणि चार अक्षरी कोड वेगळे का? शहराचं नाव बदललं तर कोड बदलतो का?

तीन अक्षरी कोड तिकिटावर आणि सामानाच्या चिठ्ठीवर असतो. चिपीचा एसडीडब्ल्यू, कोल्हापूरचा केएलएच, शिर्डीचा एसएजी, गोव्यातल्या जुन्या दाबोळी विमानतळाचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. चार अक्षरी कोड वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक वापरतात, आणि त्याची पहिली दोन अक्षरं प्रदेश सांगतात: मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ, दाबोळी व्हीओजीओ, मोपा व्हीओजीए.

शहराचं नाव बदलल्याने कोड बदलत नाही. मुंबई अजून बीओएमच आहे. छत्रपती संभाजीनगरचं तिकीट आजही आयएक्सयूवर निघतं.

दाबोळी आणि मोपा यांचं एकच अक्षर इकडचं तिकडे झालं की प्रवासी गोव्याच्या दुसऱ्या टोकाला उतरतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या माणसाला मोपा जवळ, दाबोळी लांब. तेवढ्यासाठी तिकिटावरची तीन अक्षरं दोनदा वाचा.

विमानतळ कुणाचा? प्रत्येक बातमीत वेगळी संस्था दिसते.

कारण ‘कुणाचा’ या एका शब्दात चार प्रश्न आहेत. जमीन कुणाची, बांधला कुणी, चालवतो कोण आणि परवाना कुणाच्या नावे.

चिपी हा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे एमआयडीसीचा प्रकल्प. बांधून चालवण्याचं काम आयआरबी समूहाच्या कंपनीकडे गेलं. शिर्डीचा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा. कोल्हापूर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. नाशिकचं ओझर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं. पुण्याचं लोहगाव मुळात हवाई दलाचं ठाणं आणि दाबोळी नौदलाचं. नागरी प्रवाशांसाठी तिथे वेगळा भाग आहे. त्यामुळे ‘प्राधिकरणाचा पुणे विमानतळ’ हे टर्मिनलपुरतं बरोबर आणि धावपट्टीपुरतं चूक.

विमान कंपनीबद्दलही अशीच गफलत होते. पहिल्या दिवशी चिपीला उतरलेलं विमान एअर इंडियाचं की अलायन्स एअरचं? तेव्हा अलायन्स एअर ही एअर इंडियाची उपकंपनी होती. आदल्याच दिवशी, ८ ऑक्टोबर २०२१ ला, एअर इंडिया टाटांना विकल्याची घोषणा झाली होती, पण अलायन्स एअर त्या व्यवहारात गेली नाही, सरकारकडेच राहिली. ‘चिपीला टाटांचं विमान यायचं’ असं कुणी लिहिलं असेल तर ते खोडा.

धावपट्टी किती लांब आहे?

चिपीची २५०० मीटर. पण हा आकडा पडताळताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, योजना आणि वस्तुस्थिती. शिर्डीची धावपट्टी २५०० मीटरची, ती ३२०० मीटर करायचं ठरलं. ठरल्याच्या दिवसापासून दोन्ही आकडे ‘आहे’ या क्रियापदासह छापले जाऊ लागले. कोल्हापूरची १३७० मीटरची पुढे १९३० मीटर झाली. तिथे उलट जुना आकडा दिसला तर तो जुन्या यादीतून उतरवला आहे असं समजा.

दुसरं, फूट-मीटरची ये-जा. २५०० मीटर म्हणजे ८२०२ फूट. कुणीतरी सोयीसाठी ८२०० लिहितं. पुढचा माणूस ते परत मीटरमध्ये नेतो आणि त्याला मिळतात २४९९. हा आकडा इतका नेमका दिसतो की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी टेप लावून मोजलंय. शेवटी शून्य नसलेल्या आकड्याला आपण फार लवकर भुलतो.

तिसरं, डांबराची लांबी आणि वापराची लांबी. विमान उतरायला जिथून परवानगी आहे ती जागा धावपट्टीच्या टोकापासून आत सरकवलेली असू शकते. म्हणून अधिकृत माहितीत उड्डाणासाठी मिळणारी लांबी आणि उतरण्यासाठी मिळणारी लांबी वेगवेगळ्या रकान्यांत असतात. एकाच धावपट्टीचे दोन आकडे दिसले तर आधी हे रकाने बघा, मग भांडा.

धावपट्टीचा ‘०९/२७’ असा क्रमांक असतो. एवढ्या धावपट्ट्या असतात का?

नाही. ती दिशा आहे. होकायंत्रावरचे अंश जवळच्या दहाला आणून शेवटचं शून्य काढायचं. ०९ म्हणजे साधारण पूर्वेकडे तोंड, २७ म्हणजे पश्चिमेकडे. एकाच पट्टीची दोन टोकं, म्हणून दोन आकडे, आणि त्यांच्यात फरक नेहमी १८ चा. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ अशा दोन धावपट्ट्या, पुण्यात १०/२८. फरक १८ चा नसेल तर छपाईची चूक, इतकं सोपं आहे.

नकाशात विमानतळ समुद्रात दिसतोय. असं कसं?

हे मी स्वतः एका पर्यटन पत्रकात पाहिलं. चिपीचं रेखांश साधारण ७३ अंश ३२ मिनिटं पूर्व. पत्रक बनवणाऱ्याने मधलं चिन्ह काढून ७३.३२ असं टंकलं आणि नकाशावर टाकलं. पण मिनिटं साठाची असतात, शंभराची नाही. ३२ भागिले ६० म्हणजे ०.५३, खरा आकडा ७३.५३. फरक दिसायला एकवीस शतांश, जमिनीवर सुमारे २३ किलोमीटर, आणि तोही पश्चिमेला. पश्चिमेला २३ किलोमीटर म्हणजे थेट अरबी समुद्र. पत्रकातला क्यूआर कोड स्कॅन केला की बाण पाण्यात.

मजा अशी, की अक्षांशात ही चूक लपून राहते. चिपी १६ अंशांना जवळजवळ टेकून आहे. मिनिटं शून्याच्या आसपास, त्यामुळे चुकीच्या पद्धतीनेही उत्तर जवळपास बरोबर येतं. एक आकडा बरोबर निघाला म्हणून दुसरा तपासायचा राहून जातो, तो असा.

मालवण विमानतळापासून जवळ आहे की लांब?

पक्ष्याला जवळ, रिक्षेला लांब. मध्ये कर्ली नदी आणि तिची खाडी. देवबागच्या टोकावर उभं राहिलात तर पलीकडचा किनारा दिसतो, पण गाडीला पूल गाठायला आत जाऊन वळसा घालावा लागतो. छापील अंतर सरळ रेषेचं की रस्त्याचं, हे विचारल्याशिवाय पाहुण्यांना वेळ सांगू नका. रस्त्याचंही कुठल्या पुलावरून ते विचारा.

प्रवासीसंख्येचे आकडे कसे तपासायचे?

भारतीय विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला वाहतुकीचे आकडे देतं. ते वाचताना वर्ष एप्रिल ते मार्च धरलेलं असतं. ‘२०२३ मधले प्रवासी’ आणि ‘२०२३-२४ मधले प्रवासी’ यांत तीन महिन्यांची सरमिसळ होते. शिवाय प्रवासी म्हणजे चढलेले अधिक उतरलेले. एखादी मावशी मुंबईहून चिपीला आली आणि आठवड्याने परत गेली, तर चिपीच्या वहीत ती दोन. मुंबईच्याही वहीत दोन. माणूस एकच. विमानांच्या फेऱ्यांचंही तसंच: उतरलं एक, उडालं दुसरं.

मोठा दावा दिसला की कागदावर हिशेब मांडा. एटीआर ७२ विमानात साधारण ७० आसनं. रोज एक फेरी, येतानाही पूर्ण भरलेली आणि जातानाही, असं धरलं तरी दिवसाला १४०. वर्षभर एकही दिवस खाडा नाही असं धरून ५१,१०० प्रवासी. कोकणातला पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला ‘एकही दिवस खाडा नाही’ या शब्दांवर हसू येईल. तेव्हा एका एटीआरच्या जोरावर कुणी वर्षाला लाख प्रवासी सांगत असेल, तर एक तर फेऱ्या जास्त होत्या किंवा आकडा क्षमतेचा आहे. टर्मिनलची क्षमता आणि प्रत्यक्ष प्रवासी यांची अदलाबदल हा तर सर्रास प्रकार. क्षमतेचा आकडाही वर्षाचा की गर्दीच्या एका तासाचा, ते वेगळंच.

आणि टक्केवारी. आदल्या वर्षी सेवा महिनोन्‌महिने बंद असेल तर यंदाची वाढ शेकड्यांत येणारच. तिचा मथळा करू नये.

‘आंतरराष्ट्रीय’ विमानतळ आहे का?

परदेशी विमान उतरायला सीमाशुल्क आणि इमिग्रेशनची अधिकृत सोय लागते. लांब धावपट्टी किंवा भाषणातलं विशेषण पुरत नाही. चिपीला देशांतर्गत म्हणा.

इतक्या स्रोतांत प्रमाण कुठला मानायचा?

धावपट्टी, उंची, अक्षांश-रेखांश, कोड यांसाठी एआयपी, म्हणजे वैमानिकांसाठी प्रसिद्ध होणारी अधिकृत माहिती. ती प्राधिकरण काढतं, संगणकावर मोफत वाचता येते, आणि त्यातले बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने लागू होतात. मध्येच काही बदललं, दिवे बंद आहेत किंवा काम चालू आहे, तर नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची तातडीची सूचना, निघतो. म्हणजे एआयपीचं पान पाहिलं तरी त्यावरची तारीख टिपून ठेवायची. परवान्यासाठी डीजीसीएची यादी. मार्ग आणि सवलतीसाठी उडान, म्हणजे लहान शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या योजनेची कागदपत्रं. उद्घाटनाच्या तारखेसाठी सरकारी प्रसिद्धिपत्रक आणि दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र, या क्रमाने.

माझा एक नियम आहे. पाच ठिकाणी एकच चूक, तीही त्याच शब्दांत, दिसली तर ते पाच पुरावे नव्हेत. एकाने लिहिलं, चौघांनी उतरवलं. हा प्रकार मला परीक्षेच्या गाईडांमध्ये सर्वांत जास्त आढळतो.

माहिती अधिकाराचा उपयोग होतो का?

होतो, प्रश्न आखीव असेल तर. २००५ च्या कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, अर्जाचं शुल्क १० रुपये. खासगी चालक कंपनीला अर्ज करून फारसं हाती लागत नाही. एमआयडीसी किंवा डीजीसीएकडे त्यांच्या ताब्यातल्या कागदाची प्रत मागा. ‘विमानतळ कधी सुरू झाला?’ असं विचारलंत तर उत्तरही तसंच गुळमुळीत येईल. ‘पहिला परवाना दिल्याच्या पत्राची प्रत’ मागा.

तुमची स्वतःची चूक झाली आहे का?

झाली आहे, आणि चांगलीच अंगाशी आली. उडान योजनेत एका मार्गासाठी सरकारी सवलत तीन वर्षं मिळते, हे मला पाठ होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन मिळवले की ऑक्टोबर २०२४ येतो, हे मात्र डोक्यात आलं नाही. मुंबईची ती सेवा नेमकी तेव्हा बंद पडली. मी गावातल्या मंडळाला दिलेल्या माहितीच्या कागदावर मात्र ‘मुंबईहून थेट विमान’ ही ओळ तशीच होती. त्या कागदाच्या भरवशावर माझ्या मेव्हण्याने दिवाळीचं रेल्वे आरक्षण केलंच नाही. शेवटी एसटीने उभ्याने कणकवली. तो आजही जेवताना विचारतो, “काय भावजी, विमान किती वाजता?”

तेव्हापासून ‘चालू आहे’ असं लिहिलं की पुढे कंसात तपासल्याची तारीख घालतो.

मग आज चिपीला विमान आहे का?

हे कुठल्याही छापील पानावरून ठरवू नका, माझ्याही नाही. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मंजूर वेळापत्रकात नाव असलं म्हणून विमान उडतंच असंही नाही. २०२४ पासून फ्लाय ९१ ही गोव्यातली कंपनी चिपीला येऊ लागली, पण कुठल्या वारी कुठून, ते बदलत राहतं. कंपनीच्या तिकीटविक्रीत तुमची तारीख टाका. आसन विकत मिळत असेल तर विमान आहे असं धरा, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा बघा. गणपतीत जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेही करून ठेवा. विमान नक्की झाल्यावर वेळेत रद्द केलंत तर चार पैसे जातील इतकंच.